फोटोपुरती खुर्ची

साल दोन हजार बावीस. मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या हातात मॉप होता.

मोशीकडच्या एका मोठ्या सोसायटीचं क्लबहाऊस. रविवारची सकाळ. फरशी मीच पुसली होती, खुर्च्या मीच मांडल्या होत्या. पुढं पोरं बसलेली, मागं त्यांचे आईबाप. समोर टाय लावलेले एक सर, कुठल्याशा क्लासचे. अभ्यासाची जागा कशी असावी आणि अभ्यासाची सवय कशी लावावी, यावर त्यांचं व्याख्यान होतं. माईकची वायर सैल होती, म्हणून ती धरून उभं राहायला सेक्रेटरी मॅडमनी मला सांगितलं होतं. मी भिंतीला लागून वायर धरून उभा.

सर बोलता बोलता थांबले. माझ्याकडं बघितलं.

"काका, जरा पुढे या."

मला वाटलं, वायर सुटली. गेलो पुढं. मॉप हातातच राहिला.

"नाव काय तुमचं? पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं, आडनावासकट. ते "अच्छा" म्हणाले. हा अच्छा मी ओळखतो. आडनाव कानावर पडल्यावर माणूस मनातल्या मनात तुमची जागा ठरवून टाकतो ना, त्या वेळी तोंडातून जो आवाज निघतो तो हा. जन्मभर ऐकलाय.

"शिक्षण किती?"

"पाचवी."

सर पोरांकडं वळले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. पूर्ण हात नाही, बोटांची टोकं.

"बघा मुलांनो. अभ्यासाची सवय लागली नाही तर पुढे काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको."

पोरं हसली. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मॅडमनीसुद्धा. माझी टाळी नव्हती ती, सरांची होती. मग सर म्हणाले, जाऊ शकता काका. मी परत भिंतीशी गेलो आणि वायर धरली.

व्हय, धरली. सिनेमातल्यासारखा मॉप आपटून निघून गेलो असं लिहायला मलाही बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. व्याख्यान संपेपर्यंत मी त्या माणसाचा आवाज हातात धरून उभा होतो.

आणि कानाला काही झाकण नसतं. सगळं ऐकलं. सर म्हणाले, अभ्यासाची जागा ठरलेली पाहिजे, रोज बदलायची नाही. तिथं दुसरं काही करायचं नाही, खायचं नाही, लोळायचं नाही. मोबाईल हाताच्या अंतरावर नको. उजेड डाव्या बाजूनं यावा. वेळ ठरलेली पाहिजे, मूड असो नसो बसायचं. टेबलावर एखादी हिरवी कुंडी असली तर डोळ्यांना बरं.

ठरलेली जागा. मला होती की. गावच्या शाळेत पाचवीपर्यंत माझी जागा एकदम पक्की होती. दाराशी, चपलांच्या कडंला. उजेड भरपूर यायचा, तक्रार नाही. पाऊस आला की तोही यायचा. मास्तर माझ्या पाटीला हात लावत नसत, लांबूनच मान वाकडी करून बघत आणि चूक असली की काठीनं दाखवत. तरी मी पाचवी पास झालो. मग बापाच्या कंबरेनं दगा दिला आणि मला वीटभट्टीवर घातलं. लोक विचारतात, शाळा का सोडली. मी शाळा सोडली नाही. मला शाळेतून उचललं.

मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याच्या मागं दापोडीला आलो. पिंपरीत एका कंपनीत प्रेसवर लागलो. पत्रा आत घालायचा, दाब मारायचा, माल बाहेर काढायचा. जवानी त्यात गेली, म्हातारपणाची सुरुवातही त्यातच झाली. कंपनीला टाळं लागलं तेव्हा केस पांढरे झाले होते. मग ठेकेदाराकडून हाऊसकीपिंग. तीन शिफ्टमध्ये हाडं झिजवलेल्या माणसाला सर सांगतात, ह्याला सवय लागली नाही.

पण खरं सांगतो. त्या दिवशी बसमध्ये मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर सरांचं बाकीचं बोलणं बरोबर होतं याचा. शिवी आणि शहाणपण एकाच तोंडातून आलं होतं. शिवी तर अंगाला चिकटलीच होती. मग शहाणपण तिथं का सोडा? तेही उचललं. घरी जाऊन बायकोला म्हणालो, मी दहावीला बसणार.

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"अवो, बसा की. पर बसणार कुटं ते सांगा आदी."

हसण्यावारी बोलली, पण बोट बरोबर दुखण्यावर ठेवलं. दापोडीत रुळाच्या कडंला आमची एक खोली. आम्ही दोघं, पोरगा, सून, दोन नातवंडं. पोरगा चाकणला एका कंपनीत कंत्राटी, त्याची शिफ्ट फिरती, म्हणजे घरात कुणी ना कुणी दिवसाही झोपलेलं. टीव्ही. गॅस. कपाटावर बोचकी. हिरवी कुंडी ठेवायची तर एक नातू बाहेर ठेवावा लागला असता.

पहिले दोन महिने नुसते खेळात गेले. पाचवी झाली होती, म्हणून सहावीपासून सुरुवात करायची असं ठरवलं होतं. नातीची जुनी पुस्तकं होती. कधी पलंगाच्या कडेला बसायचो, कधी दारात, कधी गॅसपाशी. बसलो की सून म्हणायची, बाबा जरा पाय घ्या. पाय घेतले की नातू म्हणायचा, आजोबा, माझी गाडी तुमच्या खाली गेली. पुस्तकावर चहाचा कप. वहीवर कांद्याची सालं. कुणाचाही दोष नव्हता. जागा कुणाची नसली की ती सगळ्यांची असते.

एकदा पोरगा चिडून म्हणाला, बाबा, तुम्हाला काय सिद्ध करायचंय? मी म्हणालो, अर्धवट राहिलेला जॉब आहे, पुरा करायचाय. त्यानं हात जोडले.

मग मला अक्कल आली. मला जे येतं त्याच्यातूनच आली. कंपनीत शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात तिथं, जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात. ट्रॉलीची चौकट, मालाची चौकट, माणसाच्या चालायची वाट. एकदा पट्टा मारला की त्याच्यात दुसरी वस्तू ठेवायची नाही. मॅनेजर असो नाहीतर हेल्पर, पट्टा म्हणजे पट्टा. कंपनीवाल्याच्या पायांना या पट्ट्याचं वळण आयुष्यभर लागलेलं असतं.

दुकानातून पिवळ्या ऑइलपेंटची छोटी डबी आणली. खिडकीशी, माझं तोंड भिंतीकडं आणि पाठ टीव्हीकडं येईल असा कोपरा धरला. उजेड डावीकडून पडेल असं बसून बघितलं. मांडी घालून मी आणि पुढं पुस्तक मावेल, एवढीच शहाबादी फरशीवर चौकट मारली. सुतळी लावून, सरळ. बायको कमरेवर हात देऊन बघत होती.

"घरात रंगपंचमी कशापाई?"

मी रंग वाळू दिला. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दामच गव्हाची परात नेमकी त्या चौकटीत ठेवली. पोरगा फर्स्ट शिफ्ट करून आला, पायातले बूट काढता काढता त्याचं लक्ष गेलं आणि तो एकदम म्हणाला,

"आई, पट्टा हाय तो. परात काढ."

स्वतःच्याच तोंडानं म्हणाला आणि परातही स्वतःच उचलली. त्याच्या कंपनीत पट्ट्यावर नुसता पाय पडला तरी सेफ्टीवाला शिट्टी मारतो. त्या दिवसापासून तो खोलीत चौकटीला वळसा घालून चालायचा. हातात पाण्याची घागर असली तरी वळसा. त्याचं बघून नातवंडं. नातवंडांचं बघून सून. गावाकडनं पाहुणे आले तेव्हा त्या एवढ्याशा खोलीत माणसं दाटीवाटीनं झोपली, पण चौकट रिकामी राहिली. एक पाहुणा विचारायला लागला, इथं काय देव बसवणार का? बायको म्हणाली, "न्हाई, म्हातारा बसवलाय."

म्हणजे जागा झाली. वेळ दुपारची ठरवली. सात ते तीन ड्युटी करून यायचो, तोंड धुवायचो, मोबाईल पिठाच्या डब्यात टाकायचो आणि बसायचो. संध्याकाळच्या मालिका सुरू होईपर्यंत खोली जरा शांत असायची. रुळावरून गाडी गेली की वाचलेलं कानातून निघून जायचं, म्हणून गाडी गेल्यावर तेच वाक्य परत. मूड नसायचाच. मूड कसला? प्रेसवर उभं राहताना कुणी मूड विचारला होता? पाय दुखायचे, डोळे मिटायचे, तरी बसायचं. काही दिवस नुसता चौकटीत बसून भिंत बघितली, पण उठलो नाही. सहावी झाली, सातवी झाली. आठवीच्या बीजगणितानं रडवलं. इंग्रजीनं तर लाज काढली. चौसष्ट वर्षं ज्या भाषेच्या पाट्यांखालून मान घालून गेलो, तिची स्पेलिंगं बोटांनी फरशीवर गिरवली.

सोसायटीतही एक जागा होती. स्टडी रूम. काचेची, थंडगार, प्रत्येकाला वेगळं टेबल, वर वाकवायचा दिवा. टेबलावर खरोखर हिरव्या कुंड्या. पोरं तिथं फारशी येत नसत, आली तर मोबाईल चार्जिंगला लावायला. दुपारी ती खोली रिकामी असायची. मी रोज पुसायचो. आमची जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधे बसायचो. एकदा मी मॅडमना विचारलं, सुट्टीत मी तिथं कोपऱ्यात बसून वाचत बसलो तर चालेल का, मी दहावीची तयारी करतोय.

मॅडम वाईट बाई नाहीत. आवाज कधी चढत नाही. तेवढ्याच गोड आवाजात म्हणाल्या, "काका, खूप छान. पण रूल्स असतात ना. आज तुम्ही बसलात, उद्या ड्रायव्हर बसतील."

मी बरं म्हणालो. पार्किंगमध्ये गेलो. भाकरी खाताना एक गोष्ट ध्यानात आली. दाराशी बसवणारा मास्तर निदान शाळेच्या आत तरी बसवत होता.

तिसऱ्या वर्षी बाहेरून बसायचा फॉर्म भरला. हॉल तिकीट आलं. सेंटर पिंपरीतली एक शाळा. पेपरांच्या दिवशी सुट्टी पाहिजे म्हणून मी आमच्या सुपरवायझरला आधीच सांगितलं. लातूरकडचं पोरगं आहे, माझ्या पोराहून लहान. म्हणाला, काका, बिनपगारी घ्या, मी सांभाळून घेतो. मराठीचा पेपर झाला. चांगला गेला का वाईट, ते असू द्या.

शनिवारी इंग्रजी होतं. शुक्रवारी दुपारी मॅडमनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो तर त्या स्टडी रूमच्या दारात उभ्या. हातात मोबाईल. चेहरा फुललेला. सुपरवायझरकडून त्यांना कळलं होतं.

"काका, तुम्ही खरंच दहावीला बसलात! या, या आत. बसा त्या खुर्चीवर."

मी उभाच. त्या म्हणाल्या, बसा हो. बसलो. तीच खोली, तीच खुर्ची. गादी मऊ होती. कुणाच्या तरी पोराचं पुस्तक तिथं पडलं होतं, ते मॅडमनी माझ्यापुढं उघडून ठेवलं. दिवा लावला. कुंडी जरा जवळ सरकवली. म्हणाल्या, वाचताय असं दाखवा. मी खाली बघितलं. पुस्तक फिजिक्सचं होतं, बारावीचं. मोबाईलचा आवाज आला, दोनदा, तीनदा.

"झालं. उठलात तरी चालेल."

मी उठलो. सवयीनं खुर्ची आत सरकवली. मॅडम मोबाईलमध्ये टाईप करत होत्या. फोटो तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर गेलासुद्धा. मला दाखवला. खाली लिहिलं होतं, आमचे काका, आमची प्रेरणा. टाळ्यांची चित्रं एकामागून एक येत होती. त्याच टाळ्या. हात बदलले होते की नाही कुणास ठाऊक.

मग त्यांनी मूळ काम सांगितलं. उद्या, शनिवारी सकाळी दहाला, क्लबहाऊसमध्ये परत व्याख्यान आहे. तेच सर. ते तुम्हाला ओळखतात. या वेळी तुम्ही स्टेजवर सरांच्या शेजारी बसायचं. इतक्या लहान घरात अभ्यासाची जागा कशी केली, सवय कशी लावली, ते मुलांना सांगायचं. शाल-श्रीफळ देऊ आम्ही.

मी म्हणालो, मॅडम, उद्या माझा पेपर आहे. इंग्रजीचा. अकराला.

त्यांनी मोबाईल खाली घेतला. मला वाटलं, आता ओशाळतील.

"अहो काका, तो पेपर जुलैत परत देता येतो ना? तुम्हाला कुठे ॲडमिशन घ्यायचंय. इथे शंभर मुलं येणारेत."

हे वाक्य मी घोकून ठेवलंय. इंग्रजीचे निबंध विसरेन, हे विसरणार नाही. मी अभ्यास कसा केला हे पोरांना सांगायला मी परीक्षेला जायचं नाही. आणि त्यात त्यांना काहीच वावगं दिसत नव्हतं. माझी परीक्षा ही त्यांच्या लेखी खरी गोष्टच नव्हती. आधी मी न शिकण्याचा नमुना होतो, आता शिकण्याचा नमुना. नमुना टेबलावर मांडायचा, दाखवायचा, उचलून ठेवायचा. नमुन्याला कसला आलाय पेपर?

तीन वर्षांपूर्वीचा तो हात मला खांद्यावर जाणवला. बोटांची टोकं. पण या वेळी माझ्या हातात वायर नव्हती.

"मॅडम, मागच्या वेळी मला विचारलं नव्हतं. आज विचारलंत. न्हाई."

"काका, तुम्ही चिडू नका, हा तुमचा सन्मान आहे."

"तो फोटो काढून टाका. मी त्या खुर्चीवर बसत न्हाई. मला बसू दिलं न्हाई."

त्यांचा आवाज तरीही चढला नाही. फक्त चेहऱ्यावरचं फूल मिटलं. म्हणाल्या, बरं, मी तुमच्या ऑफिसशी बोलते. बोलल्या. मी बसस्टॉपवर पोचायच्या आत सुपरवायझरचा फोन आला. पोरगं रडकुंडीला आलं होतं. काका, उद्याची तुमची सुट्टी वरून कॅन्सल झाली. सकाळी सातला हॉल लावायचा, मॅडमना सॉरी म्हणायचं आणि स्टेजवर बसायचं. नाहीतर सोमवारपासून तुमच्या जागी दुसरा. काका, एक पेपर आहे हो, सांभाळून घ्या ना. मी म्हणालो, तू तुझी नोकरी सांभाळ बाळा, मला शिव्या घालून वर कळव की म्हातारा ऐकत नाही. मी राग धरणार नाही.

घरी पोराला सांगितलं. त्याचीही कंत्राटी नोकरी, त्याला लगेच कळलं याचा अर्थ काय.  एवढंच म्हणाला, "बाबा, तुमी पेपरला जा." बायको म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं जमलं.

आता एक गोष्ट इथं साफ लिहितो. मी पास झालो की नापास, ते मी सांगणार नाही. त्या सोसायटीला कळवलं नाही, सुपरवायझरला कळवलं नाही, आणि तुम्ही जे वाचताय त्यांनाही कळवणार नाही. पास म्हणालो तर तुम्ही टाळ्या वाजवाल. नापास म्हणालो तर तुमच्या पोरांना माझ्याकडं बोट दाखवाल. दोन्ही मी बघून बसलोय. माझा निकाल माझा आहे. तो कुणाच्या व्याख्यानात चालणार नाही. ज्यांना माझ्या अभ्यासाचं कौतुक असेल त्यांनी आधी त्या काचेच्या खोलीचं दार ड्रायव्हरांना, धुणीभांडीवालीला, मॉप मारणाऱ्याला दुपारी उघडावं. मग बोलू.

शनिवारी मी रोजच्या वेळेलाच उठलो. कंपनीत शिकलेली एक गोष्ट माझ्यात मरत नाही. पुढच्या शिफ्टवाल्याच्या हाती चार्ज दिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. हॉलच्या आणि स्टडी रूमच्या चाव्या माझ्याकडं होत्या, त्या वॉचमनच्या हाती टाकून पळणारा मी नव्हे. सातला सोसायटीत गेलो. आमच्यासाठी मागची लिफ्ट असते. मी पुढच्या लिफ्टनं गेलो, आरशात भांग बघत. मॅडमच्या दाराची बेल वाजवली. त्या गाऊनमध्ये, डोळे चोळत आल्या. मला बघून हसल्या. त्यांना वाटलं, आला वठणीवर.

मी चाव्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. एकेक करून दाखवल्या, ही हॉलची, ही स्टडी रूमची, ही मॉपच्या कपाटाची. खुर्च्या आतल्या खोलीत रचलेल्या आहेत म्हणून सांगितलं. माईकची वायर अजून सैल आहे, कुणालातरी धरावी लागेल, हेही सांगितलं.

मग त्याच लिफ्टनं खाली आलो आणि पिंपरीची बस धरली.